चार नंबरचं पोर्ट माझ्यामागे लागलंय

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कंपन्यांत नेटवर्क इंजिनिअर रोजचा लॉग ठेवतात असं वाचलं. मीही ठेवणार. वाचणारा मी एकटाच. पूनमच्या हाती लागू नये म्हणून वही ऑफिसातच, टोनरच्या रिकाम्या खोक्यात. बायकोपासून लपवण्यासारखं काही नाही. पण नवरा आयटी इन्चार्ज आहे, एवढंच तिला माहीत असलेलं बरं.

निश्चय तीन. रोज लिहिणे. कशालाही न घाबरणे. अठरा तारखेला, धनत्रयोदशीला, योगेंद्रशेठच्या हातून पर्मनंटचं पत्र घेणे. दुसऱ्या निश्चयाची मला गरज नाही, पण तीन आकडा बरा दिसतो.

म्हातारपणी वाचताना लक्षात यावं म्हणून लिहून ठेवतो. इच्छापूर रोडवर शेठचं केळी पिकवायचं सेंटर. आठ चेंबर. हिरवी केळी आत, पाच दिवसांनी पिवळी बाहेर. प्रत्येक चेंबरात एक डबी. ती थंडावा आणि गॅस मोजते आणि केबलमधून माझ्या खोलीतल्या स्विचला कळवते. स्विच म्हणजे चोवीस भोकांची पेटी, भोकाला पोर्ट म्हणतात. आठ पोर्टांत आठ चेंबर, चोविसाव्यात ऑफिसचा कॉम्प्युटर, पंधरा रिकामे. चेंबरचं कनेक्शन तुटलं की मशीन आपोआप गॅस बंद करतं आणि शेठच्या मोबाईलवर टुंग करून मेसेज जातो. हे टुंग मीच बसवलं. शेठ फार खूष झाले होते.

दुपारी १.

पूजा झाली. शेठनी चेंबरची केली, मी स्विचची. वरवर टिळा लावून मोकळे होणारे आपण नव्हे. सगळ्या केबली काढल्या. ओल्या फडक्यानं पुसलं. हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि अनामिकेनं चोवीसही पोर्टांना लावलं, पार आतपर्यंत. रिकाम्या पोर्टांना जरा जास्तच, बिचाऱ्यांना वर्षभर काही काम नसतं. मग फूल, उदबत्ती, अक्षता. केबली परत लावल्या. चार नंबरची टक्कन बसेना, अंगठ्यानं दाबली, बसली.

सफाईवाली सोजरबाई दारातून बघत होती. म्हणाली की साहेब, त्या छेदाइमधी काहाले कुकू घालू राहिले? मी म्हटलं, हा श्रद्धेचा विषय आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सुट्टी. शेठच्या घरी सोनं द्यायला गेलो. पर्मनंटचा विषय हलकेच काढला. शेठ म्हणाले की बऱ्हाटेजी, धनतेरसला देखेंगे. म्हणजे नक्की. नसतं द्यायचं तर बघणार कशाला?

पूनमनं खकनारला माहेरी कळवूनही टाकलं. सासूबाईंनी, म्हणजे मथुराबाईंनी, इच्छादेवीला साडीचोळी बोलली आहे. आता पत्र मिळालं नाही तर देवीसमोरही तोंड दाखवायची सोय नाही. पण मिळणारच आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी १०.२०.

टुंग. चार नंबर चेंबर गेला. आला. गेला. आला. स्विचवरचा हिरवा दिवा विझतो, पेटतो, विझतो. शेठच्या केबिनमधून टुंग, टुंग. अंगण ओलांडून माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतं.

घाबरलो नाही. फक्त पाणी प्यायलो. मग परत पाणी प्यायलो.

दुपारी ३.

याला इंग्रजीत फ्लॅपिंग म्हणतात. पोर्ट फडफडतंय. नाव सापडलं म्हणजे अर्धं काम झालं.

चेंबर सांभाळणारे कडूभाऊ आले. शिक्षण चौथी, पण तीस वर्षं केळ्यांत. म्हणाले की साहेब, ते डबडं नाटक करू राहिलं तोवर मी गॅस हातच्या खटक्यावर चालवून घेतो, केळं तर मी वासानंच सांगतो. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या भावना समजतात. नव्या तंत्रज्ञानाची जुन्या माणसांना भीती वाटते. समजून घ्यावं लागतं.

४ ऑक्टोबर, शनिवार.

कालपासून चौतीस टुंग. शेठनी बोलावलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले की बऱ्हाटेजी, तुम्ही पुण्यात चार साल नेटवर्कचंच काम केलं ना, मग तुम्हाला तर ये दो मिनिटांचं असेल.

मी म्हटलं, दोनच मिनिटांचं आहे, पण ती दोन मिनिटं योग्य वेळी घ्यावी लागतात.

केबिनमधून बाहेर आलो तर हात गार. एसीमुळे.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९.४५.

आक्रमक पाऊल. चार नंबरची केबल काढून रिकाम्या पंधराव्या पोर्टात लावली. कोरं पोर्ट, आजवर कुणी वापरलेलं नाही. आता बघतो कसं फडफडतं.

९.५२.

पंधरावंही फडफडतंय. जास्त.

१०.३०.

सोळा. सतरा. एकोणीस. जिथे लावावी तिथे टुंग. जुन्या पोर्टांपेक्षा कोरी पोर्टं वाईट. म्हणजे दोष पोर्टात नाही. दोष माझ्या मागून येतोय.

हे लिहिलं आणि मागे वळून पाहिलं. मागे सोजरबाई होती, झाडू घेऊन. मी ओरडलो नाही. आवाज झाला तो खुर्चीचा. ती म्हणाली की साहेब, इतलं काय घाबरू राहिले, मी तर फक्त झाडायले आली. तिला सांगितलं की या खोलीत झाडताना केबलला हात लागतो, उद्यापासून झाडू नकोस. ती जाता जाता पेटीकडे बघून म्हणाली की भोकं लाल दिसू राहिले. मी म्हटलं, ते दिवे आहेत.

८ ऑक्टोबर, बुधवार.

आता सात आणि दोन नंबरही. तीन चेंबर फडफडतात.

नेटवर चौदा उपायांची यादी मिळाली. पहिला उपाय: पोर्ट आणि कनेक्टर स्वच्छ आहेत का, केबल टक्कन बसते का ते बघा. हे नवशिक्यांसाठी. आपण थेट अकराव्यावर. तिन्ही पोर्टांचा स्पीड कमी केला. तिन्ही चेंबर कायमचे गेले. पाच मिनिटं एकही टुंग नाही. इतकी शांतता बऱ्याच दिवसांत अनुभवली नव्हती. मग शेठ स्वतः चालत आले. स्पीड पूर्ववत केला.

नवीन शंका: हॅकर. पलीकडच्या सेंटरवाल्यांनी सोडला असणार. खिडकीला पुठ्ठा लावला.

जेवताना भाताची मूद फोडली तेव्हा पूनमचा चमचा ताटाला लागला. टुंग. माझ्या हातातलं ताक सांडलं. पूनम म्हणाली, काय झालं? म्हटलं, ताक आंबट आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

अर्धी सुट्टी टाकून इच्छापूर. देवीच्या पायऱ्या चढलो. साडीचोळी बोललेली आहे, याची आठवण करून दिली आणि पुडीभर कुंकू आणलं. देवीचं, ओरिजिनल. नवमीचं किराणा दुकानातलं होतं. तिथेच फरक पडला असणार.

दुपारी खोलीला आतून कडी लावून चार, सात, दोन आणि सावधगिरी म्हणून बाकी सगळ्यांना भरपूर लावलं. अक्षताही वाहिल्या.

संध्याकाळी ५.

आठही चेंबर फडफडतात.

५.१५.

चोवीस नंबरही गेला. ऑफिसचा कॉम्प्युटर गेला म्हणजे आता काय काय जातंय हेही कळत नाही. एका अर्थी बरं.

११ ऑक्टोबर, शनिवार.

धीर एकवटून शेठला सांगितलं की स्विचच बाद आहे, आयुष्य संपलंय. शेठ म्हणाले की बऱ्हाटेजी, दीड सालाचा तर आहे. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य असं सालात मोजत नाहीत. इंदूरहून नवा मागवला. सोमवारी बसनं येईल.

सोमवारीच चार नंबरमध्ये दिवाळीचा माल भरणार. अख्ख्या सीझनमधला सगळ्यात मोठा माल. अठराला सकाळी गाडीत गेला पाहिजे. कनेक्शन तुटत राहिलं, गॅस मध्येच बंद होत राहिला, तर दिवाळीला भोपाळच्या बाजारात आमची हिरवी केळी. आणि त्याच दिवशी माझं पत्र.

हे दोन वेगवेगळे विषय आहेत. एकत्र विचार करायचा नाही, असा निश्चय. चौथा.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी २.

नवा स्विच आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, चोवीसही तोंडं चकचकीत. बघूनच छाती भरून आली. जुन्यावर काय झालं असेल ते असो, याच्यावर कुणाची नजर पडलेली नाही.

नवी वस्तू, तशीच कशी लावणार? यथासांग केलं. देवीचं कुंकू उरलं होतं. नारळही फोडला, पाण्याचे चार थेंब पेटीवर. अक्षता प्रत्येक पोर्टाला मोजून दोन, कुणावर अन्याय नको.

२.४०.

केबली लावल्या. सगळे दिवे पेटले. आठही हिरवे. मी खोलीत एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

२.५५.

कडूभाऊंनी चार नंबरचा कॉम्प्रेसर चालू केला. जमीन जराशी थरथरली.

टुंग.

३.१०.

नवा स्विच आहे. नवीन. हे शक्य नाही. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो आहे. फरशीवर काही नाही, पण पाय वर घेतल्यावर बरं वाटतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

ज्या पेटीला हात लावीन ती फडफडते. पंखा मी लावला, तोही घरघरतो. मोटरसायकल सकाळी दोनदा बंद पडली. कुणीतरी काही केलंय. पूनमला विचारलं, आपल्यावर जळणारं कुणी आहे का? ती म्हणाली, आपल्यावर? आणि भाजी निवडत राहिली.

शेठनी आज मोबाईल म्यूट केला. आता टुंग ऐकू येत नाही. दर मिनिटाला वाटतं की आत्ता झालं असेल. ऐकू यायचं तेच बरं होतं.

चार नंबरच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत बघायची हिंमत, म्हणजे गरज, वाटली नाही. कडूभाऊ दाराला नाक लावून उभे होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११.

शेठनी इंदूरच्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. ज्यांनी सेंटरची सगळी वायरिंग केली, त्यांचाच. भूपेंद्र नाव. उद्या दहाला येणार.

लिहितो. ही वही कुणी वाचत नाही, तर लिहायला काय हरकत आहे. मला भीती वाटते. तीन तारखेपासून वाटते. खरं सांगायचं तर अकरा महिन्यांपासून, नोकरी लागल्या दिवसापासून वाटते. पुण्यात मी चार वर्षं नव्हतो. पुण्यात मी चार दिवस होतो, मावसभावाच्या लग्नाला. भुसावळला माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान होतं. नेटवर्कचा अनुभव म्हणजे दुकानात रेंज येत नसे तेव्हा गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे उभं करायचो.

तो माणूस मला एक प्रश्न विचारेल आणि सगळं बाहेर येईल. पूनमला हे माहीत नाही.

दुपारी ४.

बरं वाटत नाही असं सांगून निघालो. उद्याही बरं वाटणार नाही असं ठरवलं. जैनाबादकडे गाडी घेतली, कशाला ते माहीत नाही. पुलाच्या मधोमध थांबलो. खाली तापी, पलीकडे जैनाबाद. तिथे मला कुणी ओळखत नाही, पण तिथे जाऊन करायचं काय, तेही सुचेना. वाटेत पूनमचा फोन. खकनारहून मेहुणा येतोय धनत्रयोदशीला, पत्र बघायला. येताना अर्धा किलो मावा जिलेबी आण म्हणाली.

जिलेबी घेऊन परत आलो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

जसं घडलं तसं लिहितो.

भूपेंद्र पंचवीस-सव्वीसचा. खंडव्याचा. पुण्याबद्दल काही विचारलं नाही. शेठ, कडूभाऊ आणि सोजरबाई दारात उभे. मी सांगायला सुरुवात केली: पंधरा दिवसांची केस आहे, पोर्ट बदललं, केबल बदलली, स्पीड बदलला, स्विच बदलला, बाहेरून हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. सर, पोर्ट साफ केले होते का?

मी म्हटलं, रोज पूजा होते इथे.

त्यानं चार नंबरची केबल काढली आणि मोबाईलची बॅटरी आत मारली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, किसी के पास पिन है क्या? सोजरबाईनं पदराची पिन काढून दिली. त्यानं पोर्टात घातली, जरा फिरवली, आणि टेबलावर एक तांदूळ पडला. लाल.

मग दुसरा. मग त्यानं पेटी सोडवून टेबलावर पालथी केली आणि दोन चापट्या मारल्या. अक्षता पडल्या, कुंकवाचे पोपडे पडले, झेंडूची एक पाकळी पडली. भूपेंद्रनं शांतपणे समजावलं की तांदूळ अडकला की केबल पूर्ण आत जात नाही, कॉम्प्रेसरनं जमीन हलली की सुटते, आणि ओलं कुंकू तारांवर वाळलं की उरलंसुरलं काम तमाम. मग माझ्या अनामिकेकडे बघितलं. मी हात खिशात घातला.

सोजरबाई म्हणाली की मी तर नवमीलाच सांगितलं होतं साहेबाले. अगदी हळू म्हणाली. जोरात म्हणाली असती तर चाललं असतं.

पोर्टं तिनंच साफ केली. भूपेंद्रनं कोरडा ब्रश आणि कसलंसं स्पिरिट दिलं, ती एकेक भोक घासत गेली. तासाभरात आठही दिवे हिरवे. कॉम्प्रेसर लावला. जमीन थरथरली. दिवे जागचे हलले नाहीत.

मी शेठना म्हटलं, चार नंबरच्या मालाचं काय? शेठनी कडूभाऊंकडे बघितलं. भाऊंनी आम्हाला नेऊन चार नंबरचं दार उघडलं. आतली सगळी केळी पिवळी, एकसारखी, देठ तेवढे हिरवे. भाऊ म्हणाले की मी तर तीन तारखेपासून हातच्या खटक्यावरच चालवू राहिलो, साहेबाला सांगितलं होतं ना.

सांगितलं होतं. या वहीतच आहे, मागे जाऊन बघितलं. पंधरा दिवस मी ज्याला घाबरत होतो, ते माझ्या पेटीवर अवलंबूनच नव्हतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

माल सकाळी सातला गाडीत गेला. दहाला शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मी ठरवून गेलो होतो. बसायच्या आधीच पुण्याचं सगळं सांगून टाकलं. भुसावळचं दुकान, झेरॉक्स, रिचार्ज, सगळं.

शेठ हसले. म्हणाले की बऱ्हाटेजी, ते तर मला पहिल्यापासून मालूम आहे. भुसावळला साडूकडे यायचो तेव्हा तुमच्याच दुकानात रिचार्ज मारायचो. तुम्ही शटर उघडलं की पहिले झेरॉक्स मशीनची पूजा करायचे, फूल-बिल वाहून, गिऱ्हाइक उभं असलं तरी. मला वाटलं, मशीनवर इतकी माया करणारा माणूस आपल्याकडे पाहिजे. म्हणून तर ठेवलं तुम्हाला.

मी विचारलं, मग पुण्याचं का विचारायचे? म्हणाले, तुम्ही सांगायचे तर मी पण म्हणायचो.

अकरा महिने. उगाच लपवलं. आणि ज्या गोष्टीसाठी मला ठेवलं, तीच गोष्ट मी केली.

पत्र दिलं. गेटबाहेर येऊन उघडलं. पर्मनंट नाही. आणखी सहा महिने, श्री. कडू यांच्या हाताखाली, केळी वासावरून ओळखायला शिकावे. खाली शेठच्या अक्षरात: स्विचची खोली सोजरबाईंच्या ताब्यात.

घरी मेहुणा जिलेबी खात बसला होता. पत्र पूनमच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. मग मला आत बोलावून विचारलं, पुण्याचंही खोटं होतं ना? म्हटलं, हो. म्हणाली, मला वाटलंच होतं, पुण्यातला एकही रस्ता तुम्हाला माहीत नाही. आणि बाहेर जाऊन भावाला म्हणाली, सहा महिन्यांनी होतील पर्मनंट, आता मोठ्या माणसाच्या हाताखाली दिलंय.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन.

सेंटरवर पूजा. शेठ ताट घेऊन आठही चेंबरांपाशी गेले, मी मागून घंटा वाजवत. शेवटी स्विचची खोली. सोजरबाई दारात उभी होती, नवी साडी नेसून, कमरेला किल्ली. ताटातलं कुंकू तिनं दाराच्या बाहेरच्या चौकटीला लावलं आणि ताट आत जाऊ दिलं नाही. शेठ पुढे गेले.

मला स्विचचा जुना लॉग बघायचा होता. म्हटलं, दोनच मिनिटं. ती हलली नाही. म्हणाली की साहेब, पहिले हात दाखवा.

दाखवले.

म्हणाली, पालथे करा.

केले. तिच्या खांद्यावरून आत आठ दिवे दिसत होते, हिरवे, एकही लुकलुकत नव्हता. बरेच दिवस मी त्यांच्याकडे असं न घाबरता बघितलं नव्हतं.

अनामिकेचं नख अजून लाल आहे. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, धुऊन या.

नळावर गेलो.